बरणी रिकामी करण्याचा दिवस

सांगली,
नवरात्रातला रविवार

चि. सौ. सोनू हिला मामाचे अनेक शुभाशीर्वाद.

तुझा निरोप पोचला. फ्रिजवरची काचेची बरणी चिल्लरने निम्मी भरली आहे, पण हल्ली सगळे व्यवहार फोनवर होतात, तेव्हा ही नाणी साठवणं चालू ठेवावं की सोडून द्यावं, असं तू विचारलंस. फोनवर 'हो' किंवा 'नाही' म्हणून मोकळं होता आलं असतं. पण माझी नोकरीची सगळी वर्षं बँकेच्या कॅश काउंटरवर गेली. सुट्टे पैसे घेऊन येणारी माणसं मी रोज पाहिली. या विषयावर मला जे वाटतं ते फोनवर सांगून व्हायचं नाही, म्हणून पत्र लिहायला बसलो.

उत्तर आधी सांगतो. साठवणं सोडू नकोस. पण बरणी भरण्याकडे जितकं लक्ष देतेस, तितकंच ती रिकामी करण्याकडे दे. रिकामी करायचा दिवस ठरलेला असेल आणि त्या दिवशी पैसे कुठे जायचे हेही ठरलेलं असेल, तरच ती बचत. एरवी ते धातूचं ओझं आहे, तुझ्याही उपयोगाचं नाही आणि बाजाराच्याही नाही.

आता कामाला लागू. पहिली गोष्ट म्हणजे वाटणी. घरातल्या सुट्ट्या पैशांना दोन कामं असतात आणि ती एका भांड्यात घालून चालत नाहीत. रिक्षा, दूध, कोथिंबिरीची जुडी, एसटीचं तिकीट यांना मोड लागते. त्यासाठी दाराजवळ किल्ल्या अडकवता तिथे एक स्टीलची वाटी ठेव. एक आणि दोन रुपयांची नाणी या वाटीत. बाहेर पडताना चार नाणी उचलायची, आल्यावर उरलेली परत टाकायची. ही वाटी खर्चाची, तिचा हिशेब ठेवायची गरज नाही. बरणीत मात्र फक्त पाच, दहा आणि वीसची नाणी जातील. ती बरणी बचतीची. तिच्यात हात घालायचा नाही.

असं का म्हणतो ते वजनावरून कळेल. 2011 पासूनच्या मालिकेतलं रुपयाचं नाणं 3.79 ग्रॅमचं आहे आणि त्याच मालिकेतलं दहाचं 7.71 ग्रॅमचं. हजार रुपये रुपया-रुपयाने जमवलेस तर पावणेचार किलोंहून जास्त वजन होतं. दहाच्या नाण्यांत तेच हजार रुपये पाऊण किलोच्या थोडे वर भरतात, आणि वीसच्या नाण्यांत अर्ध्या किलोच्याही आत. पुष्कळ घरांत साठवणं बंद पडतं ते इथेच. बरणी जड होते, रक्कम फारशी होत नाही, आणि ती पिशवी बँकेपर्यंत न्यायचा कंटाळा येतो. मोठी नाणी वेगळी ठेवलीस की रक्कम वाढलेली दिसते आणि नेणंही जड जात नाही.

तू म्हणशील, आता नाणी हातात येतातच कुठे? खरं आहे, वाण्याकडे क्यूआर आहे आणि भाजीवालीकडेही आहे. म्हणूनच आठवड्यातून एक खरेदी ठरवून रोखीने कर. रविवारचा बाजार रोखीने केलास की सुट्टे आपोआप येतात. ज्या दिवशी नाणं आलं नाही त्या दिवशी दहाची नोट टाक. दिवसाकाठी दहा रुपये म्हणजे वर्षाचे 3650. दोघांनी मिळून वीस टाकले तर 7300. मुलीच्या शाळेची वह्या-पुस्तकं, गणवेश आणि दप्तर यांचा जूनमधला बराचसा भार एवढ्यात उचलला जाईल, आणि त्यासाठी महिन्याच्या खर्चाला कुठेही कात्री लावावी लागणार नाही. रोजच्या दहा रुपयांनी घराचं काही अडत नाही. जूनमध्ये एकदम सात हजार काढताना मात्र अडतं.

भांड्याबद्दलही दोन शब्द. काचेची बरणी चांगली, भरत चाललेली दिसते. पण ती फ्रिजवरून खाली घे. स्वयंपाकघरातली वाफ आणि ओल नाण्यांना सोसत नाही. पाचची पिवळी नाणी काळी पडतात आणि दहाच्या कडेची पिवळी पट्टी डागाळते. कोरड्या कपाटात ठेव, झाकण घट्ट लाव. काळ्या पडलेल्या नाण्यांना चिंच किंवा पितांबरी लावत बसू नकोस, काळं पडलं म्हणून नाण्याची किंमत कमी होत नाही. आणि बरणी लहान निवड, लिटरभराची पुरे. मोठी बरणी घेतलीस की भरायला वर्ष लागतं, आणि वर्षभर न उघडलेल्या बरणीबद्दल पुढे कुणालाच उत्साह राहत नाही.

तुझ्या लेकीसाठी मात्र दिवाळीच्या बाजारातून मातीचा गल्ला आण. पणत्या विकणाऱ्या कुंभाराकडेच मिळतो. त्याच्या चिरेतून नाणं आत जातं, बाहेर निघत नाही, फोडल्याशिवाय उघडता येत नाही. मोठ्या माणसाला ही अडचण वाटेल, पण सात वर्षांच्या पोरीला वाट पाहायला शिकवायचं असेल तर याच्याइतकं साधं दुसरं काही नाही. गल्ला कधी फोडायचा ते तिलाच ठरवू दे. एकदा ठरवलं की तिने हट्ट केला म्हणून आधी फोडायचा नाही, आणि तुम्हाला सुट्टे हवेत म्हणूनही नाही. दुसरं तिने पाहिलं तर पहिलं तिला पटणार नाही.

आता मोजणीचा दिवस. महिन्याचा पहिला रविवार धर. सकाळी चहा झाला की सतरंजी अंथरायची आणि बरणी तिच्यावर उपडी करायची. मोजायची रीत सांगतो, कारण घरात लोक एकेक नाणं मोजत बसतात आणि अर्ध्यावर आकडा चुकतो. आधी किमतीप्रमाणे ढीग कर. मग एका किमतीच्या ढिगातही मालिका वेगळ्या कर, कारण पाचचं जुनं जाड नाणं आणि अलीकडचं नाणं यांची जाडी सारखी नसते. जाडी सारखी असलेली दहा नाणी एकावर एक रचून पहिली चवड मोजून घे. पुढच्या चवडी मोजायच्या नाहीत, त्या पहिल्या चवडीला टेकवून उंचीला जुळवायच्या. दहा-दहाच्या दहा चवडी झाल्या की शंभर नाणी. ती एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत भरून आत चिठ्ठी टाक: किंमत, नग, एकूण. काउंटरवर आम्ही हेच करत होतो. तळहाताने चवडीवरून एकदा हात फिरवला की एखादं वेगळ्या जाडीचं नाणं लगेच हाताला लागतं. पोरीला हे करू दे, तिला आवडेल. दहाचा पाढा तिला पुस्तकापेक्षा सतरंजीवर लवकर येईल.

वाटीतली एक-दोनची नाणी जास्त झाली असतील तर तीही या दिवशी मोजून घे. मात्र 2019 नंतरच्या मालिकेतलं दोनचं नाणं आणि त्याआधीचं रुपयाचं नाणं आकाराने जवळजवळ सारखी आहेत, तेव्हा ती आकडा वाचूनच वेगळी कर. अंदाजाने रचलीस तर चवडी फसवतात.

मोजता मोजता लेकीला नाणं वाचायला शिकव. ज्या नाण्यावर सालाखाली बारीक चौकट, म्हणजे हिऱ्याची खूण असते ते मुंबईच्या टांकसाळीतलं, फोर्टात रिझर्व्ह बँकेच्या समोर ती टांकसाळ आहे. चांदणी असली तर हैदराबादचं, गोल ठिपका असला तर नोएडाचं, आणि खूणच नसली तर कोलकात्याचं. चारही गावांची नाणी तुमच्या एका बरणीत निघतील. आपल्या हातात आलेला रुपया कुठून कुठवर फिरून आला हे तिला त्यातून कळेल, आणि तो पुढेही फिरला पाहिजे हेही कळेल.

हे फिरणं मी मुद्दाम सांगतो आहे. नाणं घरात अडकलं की बाजारात मोड मिळत नाही. मग वाणी दोन रुपयांऐवजी चॉकलेट हातावर ठेवतो, कंडक्टर 'सुट्टे द्या' म्हणून हुज्जत घालतो, आणि आपण त्यांच्यावर चिडतो. दुसऱ्या महायुद्धात लोकांनी चांदीचे रुपये आणि खुर्दा घराघरांत दाबून ठेवला, तेव्हा सरकारला 1940 साली एक रुपयाची नोट पुन्हा काढावी लागली, आणि 1943 पासून धातू वाचवायला मधोमध भोक असलेला पैसा निघाला. तुझ्या आजीकडे त्यातले दोन होते, ते तू पाहिले आहेस. तुमच्या एका बरणीने देशात टंचाई व्हायची नाही हे मला माहीत आहे, पण तुमच्या गल्लीत तिचा फरक पडतो. म्हणून दर महिन्याला ती नाणी बाहेर पडलीच पाहिजेत.

बाहेर पडायच्या दोन वाटा आहेत. पहिली वाट जवळची. कोपऱ्यावरचा वाणी, पेपर टाकणारा, चहाटपरीवाला, भाजीवाली, या सगळ्यांना रोज मोड हवी असते. मोजलेल्या पिशव्या त्यांना दे. नोटा घे, किंवा त्यांना तेवढी रक्कम फोनवरून तुझ्या बचतखात्यात टाकायला सांग. त्यांची सोय होते आणि तुझी बँकेची फेरी वाचते. उधारी मात्र करू देऊ नकोस. रक्कम हातात किंवा खात्यात आली की मगच पिशवी द्यायची.

दुसरी वाट बँकेची. इथे लोक बिचकतात, म्हणून कायदा सांगतो. 2011 च्या नाणे अधिनियमाप्रमाणे रुपया आणि त्यावरच्या नाण्यांतून एका वेळी हजार रुपयांपर्यंतचं देणं भागवता येतं. पन्नास पैशांच्या नाण्यांतून दहा रुपयांपर्यंत. ही मर्यादा देण्याघेण्याला आहे. बँकेच्या खात्यात नाणी भरायला रिझर्व्ह बँकेने ग्राहकावर अशी मर्यादा घातलेली नाही. उलट नाणी स्वीकारा, वजनावर घ्या किंवा शंभर-शंभरच्या पिशव्यांत घ्या, असं तिने बँकांना वेळोवेळी बजावलं आहे. तुझ्या पिशव्या शंभरच्या करायला सांगितल्या त्या यासाठी. काही बँका नाण्यांची संख्या मोठी असली तर हाताळणीचे पैसे लावतात, ते खातं जिथे आहे तिथे आधी विचारून घे.

नियम तुझ्या बाजूने असला तरी वेळ साधून जा. महिन्याच्या पहिल्या दहा दिवसांत पगार आणि पेन्शनची गर्दी असते, सोमवारी आणि सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्यांचा भरणा असतो. महिन्याच्या मधल्या एखाद्या दिवशी दुपारी गेलीस तर काउंटरवरच्या माणसालाही उसंत असते. पे-इन स्लिप घरून भरून ने, नाण्यांचे नग वेगळे लिही. पिशव्या काउंटरवर ओतू नकोस, एकेक पुढे सरकव. कॅशियरने मोजून घेतली तर थांब, 'मी मोजलीत' असं म्हणू नकोस. पैसे मोजून घेणं हे त्याचं कामच आहे आणि चूक निघाली तर ती समोरच निघालेली बरी. एवढं करूनही नकार मिळाला तर आवाज न चढवता शाखाधिकाऱ्याकडे जा, नकाराचं कारण लेखी माग. बहुतेक वेळा गोष्ट तिथेच मिटते. नाही मिटली तर बँकेकडे लेखी तक्रार, आणि त्यावरही समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे.

दहाच्या नाण्याबद्दल अजूनही गावोगाव अफवा असते की ते चालत नाही, किंवा अमुक रेषांचं खरं आणि तमुक रेषांचं खोटं. रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2018 मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की तोवर निघालेली दहाच्या नाण्याची चौदाही रूपं वैध आहेत, रुपयाचं चिन्ह असलेली आणि नसलेलीही. कुणी घेत नसेल तर भांडू नकोस, शांतपणे एवढं सांग. आणि तू स्वतः दहाचं नाणं कधी नाकारू नकोस. पन्नास पैसे अजून कायदेशीर चलन आहे, चालवणारे भेटत नाहीत ही वेगळी गोष्ट. चार आणे आणि त्याखालची नाणी मात्र 30 जून 2011 पासून चलनातून गेली. ती बरणीत सापडली तर लेकीच्या डबीत ठेव, त्यांची बेरीज धरू नकोस.

आता खरा प्रश्न, हे पैसे जायचे कुठे. बरणीला नाव दे. 'बचत' हे नाव फार सैल आहे, त्यातून पैसा कुठेही वाहून जातो. 'जूनची शाळा', 'आईचे डोळे', 'कोकणची सहल' असं काहीतरी एकच नाव चिठ्ठीवर लिहून बरणीला चिकटव. मग त्या नावाला जोडलेलं एक खातं ठरव. पोस्टात महिन्याला शंभर रुपयांपासून पाच वर्षांचं आवर्ती ठेवीचं खातं निघतं. मुलगी दहा वर्षांची व्हायच्या आत तिच्या नावे सुकन्या समृद्धी खातं काढता येतं, त्यात वर्षाला कमीत कमी 250 रुपये भरले तरी खातं चालू राहतं. तिला अजून तीन वर्षं आहेत, पण म्हणून उशीर करू नकोस, जितकं लवकर काढशील तितकं व्याजावर व्याज जास्त काळ मिळेल. जूनपर्यंत लागणारा पैसा साध्या बचतखात्यात, आणि दूरचा पैसा या खात्यांत. दोन्हींची सरमिसळ करू नकोस.

रक्कम लहान आहे म्हणून लाजू नकोस, सोनू. या देशात लहान रकमेने मोठी कामं केली आहेत. उडुपीच्या एका बँकेने 1928 साली पिग्मी ठेव सुरू केली. एजंट रोज दारात यायचा आणि दोन आण्यांपासून पैसे घेऊन पुस्तकात लिहायचा. आपल्याकडे सहकारी बँका आणि पतसंस्थांचे पिग्मी एजंट आजही बाजारातून फिरतात ते त्याच रीतीने. हातगाडीवाल्याला दिवसाच्या शेवटी दहा-वीस रुपये बाजूला काढता येतात, महिन्याच्या शेवटी त्याच्याकडे तीनशे उरत नाहीत. ही साधी गोष्ट ज्यांनी ओळखली त्यांनी ती योजना चालवली.

आणि आपल्या सातारा जिल्ह्यातलं म्हसवड घे. रस्त्याच्या कडेला लोहारकाम करणाऱ्या एका बाईला रोजची थोडी बचत खात्यात टाकायची होती, पावसाळ्यासाठी घरावर घालायला ताडपत्री घ्यायची होती. एवढ्याशा रकमेसाठी बँक तिचं खातं उघडेना. त्या भागात काम करणाऱ्या चेतना सिन्हांनी तिथल्या बायकांना घेऊन बायकांची बँकच काढायची ठरवली. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज परत पाठवला, कारण प्रवर्तकांत अंगठा उठवणाऱ्या बायका होत्या. त्या लिहायला-वाचायला शिकल्या आणि पुन्हा गेल्या. 1997 मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. मी आयुष्यभर काउंटरच्या आत बसलो, म्हणून मला हे फार मोलाचं वाटतं. काउंटरच्या बाहेर उभ्या असलेल्या माणसाची रक्कम किती आहे यावरून त्याची गरज किती आहे हे ठरत नाही.

तुझ्या आजीचंही सांगतो. ती भाजीतून उरलेले पैसे तुरीच्या डाळीच्या डब्यात ठेवायची. ते कुणाला माहीत नसायचे आणि घरात कुणाचं आजारपण आलं की तिथूनच निघायचे. त्या काळी तिच्या नावावर काहीच नव्हतं, तो डबा हेच तिचं स्वातंत्र्य होतं. मी त्याचा मान ठेवतो. पण तिच्यासारख्या कितीतरी बायकांनी अशाच डब्यांत ठेवलेल्या पाचशे-हजारच्या नोटा 8 नोव्हेंबर 2016 नंतर एका रात्रीत उघड्यावर आल्या. नवऱ्याला, मुलाला, बँकेत सगळ्यांना सांगावं लागलं. नाणी त्यातून वाचली, पण नोटांनी शिकवलं ते विसरायचं नाही. स्वतःचा पैसा असावा, तो स्वतःच्या नावाच्या खात्यात असावा. जावईबापू समजूतदार आहेत, तुमच्यात लपवाछपवीची गरज नाही. तरीही बरणीतला पैसा ज्या बचतखात्यात जाईल ते तुझ्या एकटीच्या नावाचं असू दे, आणि हे त्यांना सांगूनच कर.

बरणीचे नियम तीनच. उचल करायची नाही. फारच अडलं तर उचलायचं, पण आत चिठ्ठी टाकून: तारीख, रक्कम, कुणी घेतले. आणि ती चिठ्ठी पुढच्या मोजणीच्या आधी पैसे भरूनच बाहेर काढायची. दोघांनाही हा नियम सारखा, तुलाही आणि त्यांनाही. चिठ्ठी नसेल तर बरणी दोन महिन्यांत वाटी होते, आणि मग ज्याला हवे तेव्हा तो उचलतो.

एक गोष्ट मात्र मी साफ सांगितली पाहिजे. बरणीकडून जास्त अपेक्षा ठेवू नकोस. क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर आधी ती फेड, कारण तिच्यावरचं व्याज बरणीतल्या कुठल्याही बचतीपेक्षा कितीतरी पट महाग असतं. घरात अडीनडीला तीन-चार महिन्यांचा खर्च बाजूला आहे का, विमा आहे का, हे बरणीतून सुटणारे प्रश्न नाहीत, ते पगारातूनच सोडवायचे असतात. बरणीचं काम एवढंच, की ज्या पैशाकडे आपण पैसा म्हणून पाहतच नाही, तो ओळखून कामाला लावायचा. ते काम ती चोख करते, आणि लहान मुलीसमोर करते. तुम्ही फोनवरून रक्कम भरता तेव्हा तिला बोट सरकताना दिसतं. तुम्ही सतरंजीवर चवडी रचता तेव्हा तिला पैसा वाढताना दिसतो, वाटणी होताना दिसते, आणि घरातला पैसा दोघं मिळून ठरवतात हेही दिसतं. शाळेच्या संचयिकेत आठवड्याला काही पैसे भरून पासबुकात नोंद करून आणणारी मुलं मी पाहिली आहेत, त्यांच्या चालण्यात वेगळीच ऐट असायची. आता शाळांतून ते राहिलं नाही, मग घरी करायला काय हरकत आहे?

लेकीला बक्षीस म्हणून नाणी देऊ नकोस, ताट उचललं म्हणून पाच, अभ्यास केला म्हणून दहा, हे नको. घरातलं काम घरातलं म्हणूनच करायचं असतं. तिच्या गल्ल्यात जे जाईल ते आजोबांनी दिलेलं असेल, दसऱ्याला-पाडव्याला मिळालेलं असेल, किंवा वाटीतलं एखादं नाणं तू तिला ठरवून दिलेलं असेल. गल्ला फोडल्यावर थोडे पैसे तिला हवं त्यावर खर्च करू दे, आणि त्यावर काही बोलू नकोस. उरलेले तिच्या हाताने स्लिप भरून तिच्या खात्यात टाक. सही तुझी, पण आकडा तिने लिहिलेला असू दे.

आता पुढच्या रविवारी काय करायचं ते लिहून संपवतो. वाटी आणि बरणी वेगळी कर. आत्ता बरणीत असलेलं सगळं सतरंजीवर ओत, मोज, पिशव्या कर. बरणीला नाव लाव. त्याच आठवड्यात, वाण्याकडून किंवा बँकेतून, ती रक्कम खात्यात पोचली पाहिजे. मग कॅलेंडरवर पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारावर गोल कर. बरणीला काय नाव ठेवलंत आणि पहिल्यांदा किती भरले, ते मला कळव. रक्कम कितीही असो, मला ती ऐकायची आहे.

ताईला नमस्कार सांग, तिच्या डोळ्यांची तपासणी राहिली आहे हेही आठवण करून दे. जावईबापूंना आणि तुझ्या सासूबाई-सासऱ्यांना नमस्कार. छोटीला अनेक आशीर्वाद.

तुझा,
मामा